करुण गेला, जितेश गेला... मग रणजी चॅम्पियन विदर्भाचा संघ कमजोर झाला का?

विदर्भाने २ मार्च २०२५ ला नागपूरच्या जामठा स्टेडियमवर केरळविरुद्धची फायनल ड्रॉ केली, पहिल्या डावातल्या ३७ रनांच्या आघाडीवर रणजी ट्रॉफी उचलली आणि सात-आठ वर्षांत तिसऱ्यांदा देशाचा चॅम्पियन होण्याचा मान मिळवला. त्यानंतर उन्हाळा गेला, पावसाळा गेला. मधल्या काळात एकही रणजी मॅच झाली नाही. पण संघ मात्र बदलला.

फायनलच्या दुसऱ्या डावात शतक ठोकणारा करुण नायर परत कर्नाटकात गेला. अमरावतीचा जितेश शर्मा बडोद्याकडे गेला. कर्नाटकात घडलेला आणि २०२४-२५ च्या हंगामात उत्तराखंडकडून खेळलेला रविकुमार समर्थ विदर्भात आला. १५ ऑक्टोबर २०२५ पासून रणजीचा नवा हंगाम सुरू झाला, आणि तेव्हा विदर्भाच्या चाहत्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकच चर्चा होती. जाऊ द्यायला नको होतं, की बरं झालं गेले?

ही चर्चा फक्त नागपूरची नाही. बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या संग्रामपूरचंच घ्या. इथून नागपूर सुमारे तीनशे किलोमीटर. जामठ्यावर जाऊन मॅच बघणं म्हणजे दोन दिवसांचा खाडा. पण मोबाइलवर स्कोअर सगळेच बघतात, आणि विदर्भ जिंकला की स्टेटस इथेही पडतात. कारण पुणेकरांचा महाराष्ट्राचा संघ आणि मुंबईकरांचा मुंबईचा संघ असताना वऱ्हाडातल्या माणसाचा रणजी संघ म्हणजे विदर्भच.

त्यामुळे प्रश्न नीट समजून घेऊ. कोण का गेलं, त्याने नुकसान किती झालं, आणि संग्रामपूरच्या मैदानावर टेनिस बॉल खेळणाऱ्या पोट्ट्यांना यातून काय मिळतं?

आधी नियम : रणजीत खेळाडू संघ बदलतो कसा?

आयपीएलमध्ये लिलाव होतो, खेळाडू रिटेन होतात, कोणाला किती कोटी मिळाले ते टीव्हीवर दिसतं. अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये तर हंगाम संपल्यावरचे महिने हाच एक वेगळा खेळ असतो. डिसेंबर २०२४ मध्ये हुआन सोटो नावाचा फलंदाज न्यूयॉर्क यांकीज सोडून त्याच शहरातल्या मेट्स संघात गेला. करार १५ वर्षांचा, रक्कम ७६.५ कोटी डॉलर. यांकीजच्या चाहत्यांनी अख्खा हिवाळा त्यावरच वाद घातला.

रणजीत असं काही नाही. इथे लिलाव नाही आणि एका संघाने दुसऱ्याला खेळाडूसाठी पैसे मोजण्याची पद्धतही नाही. खेळाडूला राज्य बदलायचं असेल तर तो आपल्या असोसिएशनकडे ना हरकत प्रमाणपत्र मागतो. क्रिकेटच्या भाषेत एनओसी. ते मिळालं की दुसरी असोसिएशन त्याला घेऊ शकते.

बाहेरून आलेल्या अशा खेळाडूला ‘व्यावसायिक’ किंवा सोप्या भाषेत ‘पाहुणा खेळाडू’ म्हणतात. एका राज्याला असे जास्तीत जास्त तीन पाहुणे घेता येतात. मॅच फी बीसीसीआय देते, आणि पाहुण्याचं वेगळं मानधन असोसिएशन आपल्या खिशातून देते.

म्हणजे विदर्भ क्रिकेट असोसिएशनच्या, अर्थात व्हीसीएच्या हातात दोनच गोष्टी असतात. पाहुण्यांच्या तीन जागा कशा वापरायच्या, आणि आपलं पोरगं एनओसी मागायला आलं तर काय करायचं. बाकी सगळं खेळाडूच्या मर्जीवर.

करुण नायर : नुकसान नेमकं किती?

डिसेंबर २०१६ मध्ये चेन्नईत इंग्लंडविरुद्ध नाबाद ३०३ करणारा हा फलंदाज २०२२ मध्ये कर्नाटकच्या संघातूनही बाहेर पडला होता. २०२३-२४ च्या हंगामात विदर्भाने त्याला जागा दिली. पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

२०२४-२५ चे त्याचे आकडे बघा. रणजीत ८६३ रन, चार शतकं. विजय हजारे ट्रॉफीत म्हणजे एकदिवसीय स्पर्धेत आठ डावांत ७७९ रन, पाच शतकं, आणि सरासरी ३८९.५०. ही छापण्यातली चूक नाही. अख्ख्या स्पर्धेत तो दोनदाच आऊट झाला. त्याच स्पर्धेत तो विदर्भाचा कॅप्टन होता आणि संघ फायनलपर्यंत गेला. तिथे कर्नाटकने ३६ रनांनी हरवलं.

या कामगिरीमुळे त्याला आठ वर्षांनंतर पुन्हा कसोटी संघात घेतलं. इंग्लंड दौऱ्यात आठ डावांत २०५ रन झाले, आणि ऑक्टोबरमधल्या वेस्ट इंडीज मालिकेसाठी त्याचं नाव आलं नाही. तोवर त्याने घरी, म्हणजे कर्नाटकात परतायचं ठरवलं होतं. कारण वैयक्तिक असल्याच्या बातम्या आल्या. यात विदर्भाशी भांडण वगैरे काही दिसत नाही. पाहुणा आला, दोन हंगाम खेळला, एकदा फायनल आणि एकदा कप देऊन गेला.

आता नुकसानाचा हिशेब. २०२४-२५ च्या रणजी हंगामात यश राठोडने ९६० रन केले. ते त्या हंगामात देशात सर्वाधिक होते. दानिश मालेवारने पदार्पणाच्याच हंगामात ७८३ केले. करुणचे ८६३. या तिघांची बेरीज होते २६०६. त्यातला जवळपास एक तृतीयांश वाटा गेला. दोन तृतीयांश घरात आहे.

कागदावर हे झेपण्यासारखं वाटतं. पण रन कधी केले हेही बघायला लागतं. फायनलच्या पहिल्या सकाळी विदर्भाची अवस्था ३ बाद २४ होती. तिथून मालेवार आणि करुणने २१५ रनांची भागीदारी केली. मालेवारने १५३ केले, करुण ८६ वर रनआऊट झाला. दुसऱ्या डावात पुन्हा सुरुवातीलाच दोन विकेट गेल्या, पुन्हा हीच जोडी उभी राहिली. मालेवार ७३, करुण १३५.

मॅन ऑफ द मॅच मालेवार होता आणि ते योग्यच होतं. पण दोन्ही वेळा समोरच्या टोकाला कसोटीत त्रिशतक केलेला माणूस उभा होता. चांगल्या पाहुण्याचा खरा उपयोग हाच असतो. तो स्वतःचे रन तर करतोच, शिवाय शेजारच्या पोराला घाबरू देत नाही. ही दुसरी गोष्ट स्कोअरकार्डवर दिसत नाही आणि तिची जागा भरणं जास्त अवघड असतं.

जितेश शर्मा : आपलाच माणूस का गेला?

करुणचं जाणं समजू शकतं, तो पाहुणाच होता. जितेशचं जाणं चाहत्यांना जास्त लागलं, कारण तो अमरावतीचा. आयपीएल २०२५ जिंकणाऱ्या बंगळुरूच्या संघात तो होता, लखनऊविरुद्ध ३३ बॉलमध्ये नाबाद ८५ ची त्याची खेळी गाजली होती, आणि सप्टेंबरमध्ये आशिया कप जिंकलेल्या भारतीय संघातही तो होता. वऱ्हाडातल्या पोरांनी ज्याचा फोटो डीपीला लावावा असा खेळाडू.

पण इथे कारण साधं आहे. विकेटकीपर एकच लागतो. विदर्भाच्या रणजी संघात ती जागा अक्षय वाडकरची आहे, आणि वाडकर नुसता कीपर नाही, कॅप्टन आहे. २०१७-१८ च्या फायनलमध्ये दिल्लीविरुद्ध शतक त्याचंच होतं, २०२३-२४ च्या फायनलमध्ये मुंबईविरुद्ध चौथ्या डावात १०२ रनही त्याचेच. त्याला बसवून जितेशला खेळवा, असं विदर्भाचा कुठलाच चाहता म्हणणार नाही.

मग जितेशने काय करायचं? लाल बॉलचं क्रिकेट खेळायचं असेल तर जिथे जागा आहे तिथे जायचं. त्याने तेच केलं. यात गद्दारी शोधायची गरज नाही.

मात्र एक फटका बसणार. तो रणजीत नाही, पांढऱ्या बॉलच्या क्रिकेटमध्ये. २०२४-२५ च्या विजय हजारेच्या सेमीफायनलमध्ये विदर्भाने महाराष्ट्राविरुद्ध ३ बाद ३८० केले होते. ध्रुव शौरी आणि यश राठोडने शतकं ठोकली. पण शेवटचा धडाका कोणाचा होता? करुणच्या ४४ बॉलमध्ये नाबाद ८८ आणि जितेशच्या ३३ बॉलमध्ये ५१ रनांचा. दोघंही आता नाहीत. म्हणजे सलामीला शतक करणारे आहेत, पण शेवटच्या दहा षटकांत मैदानाबाहेर मारणारे दोन्ही हात एकाच उन्हाळ्यात गेले.

याला दुसरी बाजूही आहे. जितेश भारतीय टी-ट्वेंटी संघात असला की तो विदर्भाला तसाही पूर्ण मिळणार नव्हता. त्यामुळे फिनिशर शोधण्याचं काम आज ना उद्या करावंच लागलं असतं. आता ते आजच करायचं आहे, एवढाच फरक.

हे पहिल्यांदा घडतंय का? नाही.

विदर्भ १९५७-५८ पासून रणजी खेळतोय. पहिला कप यायला जवळपास साठ हंगाम लागले. त्या काळात संघ कोणाच्या खिजगणतीतही नव्हता. बाहेरचे मोठे फलंदाज आणून पोरांना आधार द्यायचा, हा मार्ग मग निवडला गेला. तमिळनाडूचा बद्रीनाथ आला, कर्नाटकचा गणेश सतीश आला आणि राहिला. २०१५-१६ मध्ये मुंबईचा वसीम जाफर आला.

जाफरचं प्रकरण पाहुणा कसा असावा याचा धडा आहे. दुखापतीमुळे त्याचा २०१६-१७ चा हंगाम वाया गेला. पुढच्या हंगामात तो मानधन न घेता खेळला. त्याच २०१७-१८ च्या हंगामात फैज फझलच्या नेतृत्वाखाली आणि चंद्रकांत पंडित यांच्या प्रशिक्षणाखाली विदर्भाने इंदूरच्या फायनलमध्ये दिल्लीला नऊ विकेटनी हरवलं. विजयी रन जाफरच्या बॅटमधून आले. पुढच्या हंगामात त्याने १०३७ रन केले आणि विदर्भाने सौराष्ट्राला हरवून कप राखला.

पण त्या दोन विजयांची दुसरी नावं आठवा. पहिल्या फायनलमध्ये हॅटट्रिक घेणारा रजनीश गुरबानी. सेमीफायनलमध्ये कर्नाटकला पाच रनांनी हरवताना मॅचमध्ये १२ विकेट त्याच्याच. दुसऱ्या फायनलमध्ये ११ विकेट घेणारा आदित्य सरवटे. हे दोघं घरचे.

आणि हे दोघंही २०२४ च्या पावसाळ्यात विदर्भ सोडून गेले. गुरबानी महाराष्ट्राकडे, सरवटे केरळकडे. तेव्हाही हीच चर्चा झाली होती. दोन फायनल जिंकून देणारे दोन बॉलर एकाच वेळी गेले, आता कसं?

पुढे काय झालं ते आकडेच सांगतात. सरवटेसारखाच डावखुरा फिरकीपटू असलेल्या हर्ष दुबेवर मुख्य जबाबदारी आली. त्याने त्या हंगामात १० मॅचमध्ये ६९ विकेट घेतल्या. रणजीच्या एका हंगामात कोणीही घेतलेल्या या सर्वाधिक विकेट. आधीचा विक्रम बिहारच्या आशुतोष अमनचा, ६८ चा. आणि योगायोग असा की फायनलमध्ये समोर केरळकडून सरवटे होता. त्याने ७९ रन करून विदर्भाला घाम फोडला, पण कप दुबेच्या संघाने नेला.

म्हणजे एक मोठं नाव गेलं की संघ संपतो असं नाही. कधी कधी त्या जागेवर बसून राहिलेल्या पोराला उठायची संधी मिळते. फक्त एक अट आहे. बसून राहिलेलं पोरगं तयार असलं पाहिजे.

मग विदर्भाकडे तयार पोरं आहेत का?

या प्रश्नाचं उत्तर या उन्हाळ्या-पावसाळ्यातच बऱ्यापैकी मिळालं.

ऑगस्टमध्ये दुलीप ट्रॉफीत मध्य विभागाकडून दानिश मालेवारने ईशान्य विभागाविरुद्ध २०३ केले. सप्टेंबरमध्ये त्याच स्पर्धेच्या फायनलमध्ये दक्षिण विभागाविरुद्ध यश राठोडने १९४ केले आणि मध्य विभाग जिंकला. हे दोघं विदर्भाच्या बाहेर, वेगळ्या ड्रेसिंग रूममध्ये आणि करुण सोबत नसताना खेळले.

मग १ ते ५ ऑक्टोबरदरम्यान जामठ्यावर इराणी कप झाला. रणजी चॅम्पियन विरुद्ध शेष भारत. शेष भारताचा कॅप्टन रजत पाटीदार, म्हणजे समोर हलका संघ नव्हता. अकोल्याच्या अथर्व तायडेने १४३ केले, राठोडने ९१. पहिल्या डावात ३४२. शेष भारत २१४ वर गारद. विदर्भाचा दुसरा डाव २३२ वर संपला आणि समोर ३६१ चं लक्ष्य होतं. शेष भारताचा डाव २६७ वर आटोपला. विदर्भ ९३ रनांनी जिंकला. विदर्भाचा हा तिसरा इराणी कप. तीनदा खेळले, तीनदा जिंकले.

करुण नाही, जितेश नाही, तरी हे झालं. कमजोर झाला का, या प्रश्नाचं पहिलं उत्तर ‘नाही’ असंच येतं.

पण एका मॅचवरून निष्कर्ष काढू नये. घरच्या मैदानावरची एक मॅच वेगळी आणि देशभर फिरून महिनोन्महिने चालणारा हंगाम वेगळा. २०२५-२६ मध्येही रणजी दोन टप्प्यांत ठेवली गेली. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पहिला टप्पा, मध्ये पांढऱ्या बॉलच्या स्पर्धा, आणि जानेवारीत दुसरा. एवढ्या काळात दुखापती होतात. शिवाय खेळाडू चांगले असले की भारत ‘अ’ संघाचं बोलावणं येतं आणि राज्याच्या संघात भोक पडतं. दुबे, राठोड, मालेवार यांच्यातलं कोणी तीन-चार मॅच नसलं, तर करुणची उणीव तेव्हा जाणवेल.

म्हणूनच समर्थला घेतल्याचा अर्थ लागतो. दिल्लीचा ध्रुव शौरी आधीपासून आहेच. तो आणि समर्थ, दोघंही वरच्या फळीत टिकून खेळणारे. फायनलच्या दोन्ही डावांत सुरुवात कोसळली होती. तिथे डागडुजी करायचं व्हीसीएने ठरवलेलं दिसतं. करुणची चौथ्या क्रमांकाची जागा बाहेरच्या माणसाने भरण्याऐवजी राठोड-मालेवारकडे सोपवायची आणि पाहुणे नव्या बॉलसमोर उभे करायचे, असा हा हिशेब आहे. हिशेब धाडसी आहे, पण त्याला आधार आहे.

शेजारी काय करताहेत?

महाराष्ट्राच्या संघाने याच उन्हाळ्यात उलटा मार्ग धरला. जुलैमध्ये मुंबईचा पृथ्वी शॉ घेतला. केरळकडून वर्षानुवर्षं खेळलेला ऑलराउंडर जलज सक्सेना घेतला. नावं मोठी आहेत.

मुंबईला तर एप्रिलमध्ये धक्काच बसला होता. यशस्वी जैस्वालने गोव्याकडून खेळण्यासाठी एनओसी मागितली. महिनाभरात विचार बदलून त्याने ती मागे घेतली. अर्जुन तेंडुलकर २०२२-२३ पासून गोव्याकडेच आहे. मुंबईत खेळाडू जास्त, जागा अकरा. त्यामुळे मुंबईचा माल बाहेर जाणं जुनंच आहे.

विदर्भाचं आता तसंच होऊ लागलंय, हे या सगळ्यातलं लक्षात घेण्यासारखं आहे. एकेकाळी बाहेरून माणसं आणावी लागायची. आता गुरबानी, सरवटे, जितेश यांना बाकीची राज्यं बोलावून घेतात. खेळाडू जाणं हे प्रत्येक वेळी अपयशाचं लक्षण नसतं. घरात गर्दी झाली की माणसं बाहेर पडतातच.

संग्रामपूरच्या पोट्ट्याचा यात काय संबंध?

इथे खरा मुद्दा येतो, आणि तो भावनेचा नाही, पैशाचा आहे.

रणजीत नवख्या खेळाडूला, म्हणजे २० पर्यंत मॅच खेळलेल्याला, दिवसाला ४० हजार रुपये मॅच फी मिळते. २१ ते ४० मॅच झालेल्याला ५० हजार, त्याहून जास्त खेळलेल्याला ६० हजार. साखळी फेरीची मॅच चार दिवसांची आणि विदर्भाला अशा सात मॅच. चार गुणिले सात, २८ दिवस. २८ गुणिले ४० हजार, म्हणजे ११ लाख २० हजार रुपये. बाद फेरीचे पैसे वेगळे. अकरात नसून राखीव असलेल्या नवख्याला याच्या निम्मे, दिवसाला २० हजार.

कपाशी-सोयाबीनच्या भरवशावर जगणाऱ्या कोरडवाहू घरासाठी ११ लाख म्हणजे काय, हे संग्रामपुरात कोणाला समजावून सांगायची गरज नाही.

आता पाहुणा खेळाडू घेणं म्हणजे काय ते बघा. अकरातली एक जागा गेली. तीन पाहुणे खेळले तर तीन जागा गेल्या. प्रत्येक जागेमागे विदर्भातल्या एका पोराचा अकरात खेळण्याचा हंगाम आणि त्याची कमाई आहे. म्हणून पाहुणा असा पाहिजे की ज्याच्या असण्याने बाकीचे आठ जण मोठे होतील. जाफरने ते केलं, करुणने ते केलं. फक्त स्वतःचे रन करून जाणारा पाहुणा मात्र महाग पडतो, त्याला पैसे किती दिले हा नंतरचा प्रश्न.

याच कारणाने करुणची जागा घरच्या पोरांकडे जाणं ही तालुक्यांसाठी चांगली बातमी आहे. पण लगेच हुरळून जायचं कारण नाही. विदर्भात ११ जिल्हे आहेत. रणजी संघाची यादी काढली तर सर्वात मोठा वाटा नागपूरचा. मैदानं तिथे, निवासी अकादमी तिथे, चांगल्या टर्फ विकेट तिथे. मग अकोला येतं. तायडे तिथला, वेगवान बॉलर आदित्य ठाकरे तिथला. मग अमरावती, वर्धा.

अकोल्याचं उदाहरण संग्रामपूरला जवळचं आहे, कारण ते दीड-दोन तासांवर आहे. इराणी कपात मॅन ऑफ द मॅच ठरलेला तायडे हा त्याच वऱ्हाडातला. म्हणजे नागपुरात जन्मलं नाही म्हणून दार बंद नाही. पण अकोल्यात लेदर बॉलचं क्रिकेट, जुने क्लब आणि शिकवणारी माणसं आहेत. संग्रामपूर तालुक्यात पोरं खेळतात ते टेनिस बॉल. हिवाळ्यात गावोगावी टुर्नामेंट होतात, बक्षिसं लागतात, लाइव्ह यूट्यूबवर दिसतं. त्यातून हाताला ताकद येते, नजर तयार होते. पण सीम होणारा लाल बॉल, दिवसभर उभं राहणं, चार दिवसांची मॅच ही वेगळी विद्या आहे.

तिचा रस्ता लहानपणीच सुरू होतो. जिल्हा पातळीवरच्या चाचण्या, आंतरजिल्हा सामने, मग विदर्भाचा १६ वर्षांखालचा संघ, १९ वर्षांखालचा, २३ वर्षांखालचा आणि त्यानंतर रणजी. विशीतल्या पोराने टुर्नामेंटमध्ये सहा सिक्स मारले म्हणून कोणी रणजीत घेत नाही. बारा-तेराव्या वर्षी कोणी लेदर बॉल हातात द्यावा लागतो, आणि चाचणीला न्यायला घरातलं कोणीतरी एसटीत सोबत बसावं लागतं.

रणजी जिंकणाऱ्या संघाला बीसीसीआयकडून आता पाच कोटी रुपये मिळतात. पाहुण्यांवर खर्च किती करायचा, हा व्हीसीएच्या निवडीचा एक भाग. पाहुणा घेतला नाही तर वाचलेले पैसे आणि मोकळी झालेली जागा यांचं काय करायचं, हा दुसरा. बुलढाणा, वाशिम, गडचिरोलीसारख्या जिल्ह्यांत टर्फ विकेट आणि प्रशिक्षक पोचले, तरच ‘घरच्या पोरांना संधी’ या वाक्यात ११ जिल्हे येतील. नाहीतर त्याचा अर्थ नागपूरच्या पोरांना संधी एवढाच राहील.

हंगाम सुरू झाला की काय बघायचं?

पहिलं, वरची फळी. शौरी, तायडे, समर्थ यांनी नवा बॉल खेळून काढला तर करुणची आठवण कमी येईल. बघायचं ते ३ बाद ३० झाल्यावर पाचव्या-सहाव्या नंबरवर कोण उभं राहतं.

दुसरं, हर्ष दुबेवरचा भार. ६९ विकेटचा हंगाम दरवर्षी येत नाही. पार्थ रेखाडेसारखा दुसरा फिरकीपटू आणि वेगवान बॉलर यांनी वाटा उचलला नाही, तर दुबे भारत ‘अ’ कडे गेला त्या दिवशी अडचण होईल.

तिसरं, विजय हजारे आणि सय्यद मुश्ताक अली स्पर्धांतली शेवटची दहा षटकं. करुण आणि जितेश गेल्याचा खरा खड्डा तिथे आहे. तो कोणत्या नव्या नावाने भरला, हे बघायचं.

चौथं बघायला स्कोअरकार्ड पुरत नाही. २३ वर्षांखालच्या आणि १९ वर्षांखालच्या विदर्भ संघांच्या याद्या लागल्या की त्यात नागपूरबाहेरची नावं किती, ती मोजायची. रणजीचा संघ यंदा जिंकेल की हरेल, ते करुणच्या जाण्यावर थोडंफार अवलंबून असेल. पाच वर्षांनी जिंकेल की नाही, ते त्या याद्यांवर ठरणार आहे.